बायजाबाईचा कान

घणसोली गावात त्या काळी कोणाचं जनावर चारा सोडून उभं राहिलं की घरातलं माणूस ठाण्याच्या दवाखान्याकडे जायचं नाही, बायजाबाईकडे जायचं. बायजाबाई हातातलं काम टाकून निघायची. आली की कोणाला काही विचारायची नाही. डोक्यावरचा पदर मागे सारायची, जनावराच्या डाव्या बाजूला, शेवटच्या बरगडीमागे जो खळगा असतो तिथे आपला उजवा कान टेकवायची आणि डोळे मिटून घ्यायची. मग आजूबाजूला कोणी बोलत नसे. आपले तीस श्वास होईतो ती तशीच उभी राहायची. त्यानंतर दोनच शब्दांतला एक शब्द. "चाललंय" म्हणाली तर घरच्यांनी निवांत व्हायचं, आणि "थांबलंय" म्हणाली तर धावाधाव सुरू.

तिचा नवरा मारोती मोठा चेष्टेखोर. तो म्हणायचा, "आमच्या छातीला येवरा वेल कान लावला असतास तं आमीबी काय तरी बोललो असतो." बायजाबाई हसायची नाही. जनावराच्या पोटाला कान लावून आली की पुढचा अर्धा तास ती कोणाशी धड बोलतच नसे. बहात्तर साली मारोती काविळीने गेला. त्याच्या छातीलाही तिने शेवटी कान लावून पाहिला होता, असं बायका सांगतात. खरंखोटं तिने कधी कोणाला सांगितलं नाही.

हा कान तिला माहेरून मिळालेला नव्हता. तो दिला तिच्या सासऱ्याने, सिताराम म्हाताऱ्याने. लग्न होऊन आली तेव्हा ती गोठ्यात पाऊल टाकायला घाबरायची. म्हाताऱ्याने पहिल्याच पावसाळ्यात तिचं डोकं धरून बैलाच्या कुशीला टेकवलं. "आयक बाय," म्हणाला, "आत कोन तरी दलतंय." आणि खरंच तिला ऐकू आलं. लांबच्या घरात कोणीतरी जातं ओढावं तशी घरघर. आधी बारीक, मग जवळ येत मोठी, मग विरून गेली. थोड्या वेळाने परत. म्हाताऱ्याने सांगितलं, आपले तीस श्वास होईतो ही घरघर तीन वेळा आली पाहिजे. दोनदा आली तर जनावराकडे लक्ष ठेव. एकदाच आली तर सगळं सोडून त्याच्यापाशी बस. आलीच नाही तर देवाचं नाव घे.

म्हातारा अंगठेबहाद्दर, पण बैलाचं पोट त्याला आपल्या घरासारखं ठाऊक होतं. तो सांगायचा, आपण जेवतो तसं जनावर जेवत नाही. ते आधी नुसतं भरून घेतं. जिभेने गवताचा पुंजका ओढायचा, तोंडातल्या तोंडात फिरवल्यासारखा करायचा की गेला आत. तो जातो पहिल्या मोठ्या कोठ्यात, आणि हा कोठा एवढा मोठा की पाच-सहा हंडे पाणी सहज मावावं. तिथे ते गवत भिजतं, आंबतं, वरखाली घुसळलं जातं. पोट भरलं की जनावर सावलीला बसतं, आणि मग खरं जेवण सुरू होतं. आतला एकेक घास गळ्यातून परत तोंडात येतो. मानेच्या कातड्याखालून तो वर सरकताना दिसतो सुद्धा. तो पन्नास-साठ वेळा चावून बारीक करायचा, गिळायचा, की दुसरा हजर. पुढे दुसरी खोली जाळीची, तिसरी चोपडीच्या पानांची, आणि चौथीत आपल्यासारखं पचन. पण सगळं त्या पहिल्या कोठ्यावर. तिथलं घुसळणं थांबलं की रवंथ गेला, आणि रवंथ गेला की जनावर गेलं.

त्यावर म्हाताऱ्याचा एक उपाय होता, तोही बायजाबाईच्या हातात आला. एखाद्याचा रवंथ गेला की दुसरं धडधाकट जनावर शोधायचं. ते रवंथ करत बसलं असताना शेजारी जाऊन बसायचं, मानेवर नजर ठेवायची, आणि घास वर आला रे आला की चपळाईने तोंडात हात घालून तो काढून घ्यायचा. गरम आहे तोवर तो आजारी जनावराच्या घशात सारायचा. गावात हे काम बायजाबाईशिवाय कोणाला जमत नसे. तिच्या उजव्या हाताच्या पालथ्या बाजूला दाढांचे पांढरे वण होते, आणि ते ती बांगड्यांसारखे मिरवायची.

शहात्तर साली गावात गुरांचं सरकारी शिबिर भरलं. रेगे नावाचे तरुण डॉक्टर आले होते. सुधीर रेगे. गळ्यात नळी, पायात बूट, शेणात पाय पडला की चेहरा वाकडा. गावाने त्यांना मुद्दाम बायजाबाईसमोर उभं केलं. डॉक्टरांनी एका गाईला नळी लावून सांगितलं, दोन मिनिटांत तीन. बायजाबाईने कान लावून सांगितलं, तीन. डॉक्टरांनी नळी तिच्या कानात घातली. तिने ऐकलं आणि परत दिली. "लांबून आयकू येतंय यात," म्हणाली, "गाय मावशीच्या घरी हाय असं वाटतंय." डॉक्टर पोट धरून हसले, आणि तेव्हापासून त्या दोघांचं जमलं.

डॉक्टरांनीच तिला सांगितलं की त्या मोठ्या कोठ्यात डोळ्याला न दिसणारे कोट्यवधी जीव राहतात. गवत बैलाला पचत नाही, त्या जिवांना पचतं. ते गवत खातात, वाढतात, आणि बैल त्यांच्यावर जगतो. हे ऐकून बायजाबाई दोन दिवस हरखून गेली होती. येईल-जाईल त्याला सांगत सुटली, "आपून बैलाला चारतो तो बैलाला नायच. आतल्या मानसांना चारतो." डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. ज्या चाऱ्याची त्या जिवांना सवय, तोच त्यांना द्यायचा. एकदम दाणा पोटात गेला तर दाण्यावर जगणारे तेवढे माजतात, सगळं पोट आंबट करून टाकतात आणि बाकीचे त्यात मरतात. बायजाबाई म्हणाली, हे आमच्या म्हाताऱ्याला ठाऊक होतं. त्याला जीव ठाऊक नव्हते, पण सात फेरे ठाऊक होते.

हे सात फेरे काय, ते सांगायला हवं, कारण सगळं पुढे त्यावरच आलं. मळणीला खळ्यात मधोमध खांब रोवायचा आणि बैल त्याभोवती भाताच्या पेंढ्यांवर फिरवायचे. फिरताना त्यांनी भात खाऊ नये म्हणून तोंडाला काथ्याचं मुसकं. दिवसभर पायाखाली पोटभर खाणं आणि तोंड बांधलेलं, असं ते बैलाचं नशीब. म्हणून शेवटचे सात फेरे मुसकं काढून घ्यायची रीत होती. तेवढ्यात बैलाला जे उचलता येईल ते त्याचं. सात म्हणजे सात. सिताराम म्हातारा मोठ्याने मोजायचा आणि आठव्याला हात बैलाच्या तोंडावर. म्हाताऱ्यामागे बायजाबाईने गावाला तीच शिस्त लावली. एकदा शेजारच्या किसनने कौतुकाच्या भरात बैलाला वीसेक फेरे मोकळा सोडला होता. बैल दोन दिवस झोकांड्या खात होता, मेला नाही एवढंच. बायजाबाईने भर पारावर किसनला धुऊन काढलं. "माया करतंस का मारतंस?" म्हणाली. किसन तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, पण मान खाली घालून ऐकून घेतलं बिचाऱ्याने.

सत्तर सालानंतर नव्या शहराचे कागद गावात यायला लागले होते. कागदावर जमीन गेली तरी ती डोळ्यांना दिसत होती, म्हणून लोक पेरत राहिले. पुढे डंपर आले. खाडीकडच्या अंगाला जिथे गावची गुरं चरायची तिथे मुरूम पडला, तोही दोन पुरुष उंच. गुरं सवयीने तिकडे जायची आणि मुरुमाच्या ढिगाशी थबकून उभी राहायची. संध्याकाळी परत यायची ती रित्या पोटाने. बायजाबाई रोज सांजेला कान लावायची आणि रोज तिला ती घरघर मंद होत गेलेली ऐकू यायची. एकेक घर गुरं विकायला लागलं. गावात एके काळी दोनशेच्या वर गुरं होती, ती बोटांवर मोजता येतील इतकी उरली, आणि त्यातलीही बरीच हमरस्त्यावरच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमागे उष्टं खात फिरायला लागली. बायजाबाईला बोलावणं येईनासं झालं.

तिचा मुलगा विलास कंपनीत लागला होता. त्याने चांद्याला, म्हणजे जोडीतल्या एका बैलाला, कल्याणच्या बाजारात नेलं. बायजाबाईने एका शब्दाने विचारलं नाही की कोणी घेतला. राहिला काजळ्या. डोळ्यांभोवती काळी कडा असलेला, शांत, चौदा वर्षांचा बैल. त्याला मात्र ती हात लावू देईना. रस्त्याकडेचं गवत विळ्याने कापून आणायची, गेल्या सालचा पेंढा पुरवून पुरवून घालायची. विलासची बायको मीना एकदा म्हणाली, "आई, त्याला आता कामच काय आहे?" बायजाबाईने उत्तर दिलं, "मना तरी काय हाय?" मीनाने पुन्हा तो विषय काढला नाही.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात उरलेल्या दोन तुकड्यांत तिने शेवटचं भात लावलं. लावू नका, असं सरकारी माणसं सांगून गेली होती, तरी लावलं. भात चांगलं आलं. मळणीच्या आदल्या दिवशी विलासला कोणीतरी सांगितलं की पुढच्या महिन्यात या तुकड्यांवरही भराव पडणार. म्हणजे ही शेवटची मळणी. गोठ्यामागचं खळं तिने स्वतः सारवलं, काजळ्याला बाहेर काढलं, आणि खुंटीवरचं मुसकं घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

काजळ्याने आपण होऊन तोंड पुढे केलं. इतक्या वर्षांची सवय. ते पुढे आलेलं तोंड बघितलं आणि बायजाबाईचा मुसकं धरलेला हात खाली आला. याने इतकी वर्षं ज्या भातावर पाय फिरवले त्यातलं सात फेऱ्यांपलीकडे काही याच्या वाट्याला आलं नाही, आणि आता तर सात फेरेही संपले. गेलं वर्षभर हा सुका पेंढा चावतोय. कोणासाठी राखायचं हे भात? तिने मुसकं परत खुंटीला अडकवलं.

दिवसभर काजळ्या मोकळ्या तोंडाने फिरला. सकाळी तो बिचकला, तोंड खाली नेऊन परत वर घेतलं, तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "खा." मग तो खायला लागला. फिरता फिरता खायचा, थांबून खायचा. ती त्याला हाकत नव्हती. मीना भाकरी घेऊन आली तेव्हा सासू खळ्याच्या कडेला बसून हसत होती, आणि सासूला असं हसताना तिने लग्नापासून पाहिलं नव्हतं. फेरे कोणी मोजले नाहीत.

ऊन उतरल्यावर तिने काजळ्याला गोठ्यात बांधलं, पाणी दाखवलं आणि रोजच्यासारखा त्याच्या डाव्या कुशीला कान लावला. बराच वेळ लावला. मीना दारातून बघत होती. तिने विचारलं, "चाललंय ना?"

"चाललंय," बायजाबाई म्हणाली. "दमलाय जरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काजळ्याने पेंढ्याला तोंड लावलं नाही. दात खात उभा होता, डोळे खोल गेलेले. शेण पातळ, करडं, आणि त्यात भाताचे अख्खे दाणे. बायजाबाईने कान लावला. आत काहीही नव्हतं. हाताने कूस दाबली तर पखालीतल्यासारखं नुसतं पाणी डुचमळलं. तिने परत कान लावला, तीस श्वास मोजले, आणखी तीस मोजले. मग ती तशीच उठून किसनच्या घरी गेली, कारण त्या आळीत रवंथ करणारं जनावर म्हणजे किसनची गाय तेवढी उरली होती.

किसन अंगणात विडी ओढत होता. तिने त्याला काय झालं ते सांगितलं. सात फेऱ्यांचंही सांगितलं, काही लपवलं नाही. पारावरचं ते बोलणं दोघांनाही आठवलं असणार. किसनने विडी विझवली आणि म्हणाला, "बस गो बायजा. ती आताच बसली हाय. येल घास."

ती गाईशेजारी उकिडवी बसली. मानेखालून गाठ वर सरकली तसा तिने हात घातला आणि घास काढला. उन्हात येऊन मूठ उघडली. चहापत्तीचा गोळा, कागदाचा लगदा, आणि त्यात गुंडाळलेली निळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीची लांब चिंधी. गवताची एक काडी नव्हती. वास शिळ्या डाळीचा. किसन बघत उभा होता. "कॅन्टीनमागं जाते," तो हळूच म्हणाला, जणू त्याचाच गुन्हा होता. बायजाबाईने हात धुतला.

मग ती चालत डोंगराकडे निघाली. हमरस्ता ओलांडून, कंपन्यांच्या भिंतीकडेने, डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावर. तिथली गुरं अजून डोंगरात चरत होती. एका अनोळखी बाईच्या अंगणात तांबडी गाय रवंथ करत बसली होती. बायजाबाईने हात जोडले आणि काय हवंय ते सांगितलं. त्या बाईने असलं मागणं जन्मात ऐकलं नव्हतं, पण नाही म्हणाली नाही. दुसऱ्या खेपेला घास हाती आला. हिरवा, मऊ, गरम, ओल्या गवताचा वास येणारा. असा घास तिने चार-पाच वर्षांत पाहिला नव्हता. पळसाच्या पानात बांधून, थंड पडू नये म्हणून तो पदराखाली पोटाशी धरून ती परत निघाली. पंचावन्नच्या पुढची बाई, पायात काही नाही, दुपारच्या डांबरावरून अर्धी पळत आली.

काजळ्या बसला होता आणि मान वळवून डोकं कुशीवर टेकलं होतं. तिने त्याचं तोंड उघडून घास पार घशापर्यंत सारला आणि गळ्यावरून हात फिरवत राहिली. गिळला. गिळला म्हणून तिला एवढा आनंद झाला की तिने मीनाला हाक मारली. दोघी त्याच्यासमोर बसून राहिल्या. मानेखाली काही हललं नाही.

विलास कामावरून आला तो तसाच ठाण्याला गेला. रेगे डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. आता ते तेवढे तरुण नव्हते, शेणात पाय पडला तरी बघत नव्हते. त्यांनी काजळ्याचे डोळे पाहिले, नळी लावली आणि लगेच काढली. खाण्याचा सोडा कालवून पाजायला घेतला, शिरेतून सलाईन लावलं, पण त्यांच्या हातांची घाई बघून बायजाबाईला कळलं. तासाभरात काजळ्याने पाय ताणले.

डॉक्टर हात धुवायला उठले तेव्हा ती म्हणाली, "पोट उघडा. मना बघाचं हाय."

विलास नको म्हणाला. डॉक्टरही नको म्हणाले. ती हटली नाही. शेवटी खाडीकडच्या अंगाला, भरावाच्या कडेला खड्डा खणला होता तिथे नेऊन डॉक्टरांनी डावी कूस उघडली. चाळीस वर्षं जे बाहेरून ऐकलं ते बायजाबाईने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. म्हातारा खरं सांगत होता. दुसरी खोली जाळीची होती. तिसरीत चोपडीची पानं होती, पातळ, एकावर एक. आणि पहिल्या मोठ्या कोठ्यात तिचं भात होतं. भिजून फुगलेलं, आंबूस वास येणारं. शेवटचं पीक. डॉक्टरांनी कोठ्याच्या आतल्या बाजूला बोट लावलं तर अस्तर सालीसारखं हातात आलं.

त्या भाताच्या वर एका जागी हिरवा डाग होता. डोंगरावरचा घास. मावळतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या विलासला तो दिसला नाही. बायजाबाईला दिसला.

"यानं काय जालं नाय?" तिने विचारलं.

डॉक्टर खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. म्हणाले, "त्या घासातले जीव चांगलेच होते, बायजाबाई. पण एवढ्या आंबटात ते कसे जगणार? आधी पोट रिकामं करून धुवायला हवं होतं. पहिल्याच संध्याकाळी मला बोलावलं असतंत तर बहुतेक वाचला असता." मग त्यांनी विचारलं, "पहिल्या संध्याकाळी तुम्ही कान लावला असेल ना? काहीच कळलं नाही?"

विलास तिच्याकडे बघत होता, मीना बघत होती, फावडं घेऊन उभा असलेला किसनही. बायजाबाई काही बोलली नाही. डॉक्टरांनी समज करून घेतला की बाईचं वय झालं, आता कानाला पूर्वीसारखं येत नसेल. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. गावानेही तेच धरलं. बायजाबाईचा कान गेला, असं लोक हळहळून म्हणायचे.

त्यानंतर तिने कोणाच्या जनावराला कान लावला नाही. तसं लावायला फारसं काही उरलंही नव्हतं. त्या साली जे भात घरात आलं ते मीनाने शिजवलं, आणि बायजाबाईच्या ताटात वाढलं की ती तोंडातला घास चावत बसायची, चावत बसायची, गिळायची नाही. मीनाने मग तिच्यासाठी दुकानातला तांदूळ वेगळा आणायला सुरुवात केली. एक दिवस विलासने गोठा पाडला. तिथे ओळीने तीन खोल्या बांधून भाडेकरू ठेवले. मुसकं तेवढं म्हातारीने मागून घेतलं आणि ओट्यावरच्या खिळ्याला अडकवलं. ते कशाला हवंय, असं विलास म्हणाला.

मधल्या खोलीत परभणीकडचं जोडपं राहायला आलं. नवरा कंपनीत, बायको गोजरा घरी. हौसेपायी गोजराने गावाकडून एक शेळी आणली होती, ती बोळात बांधलेली असायची. एकोणनव्वद सालची गोष्ट. एका सकाळी गोजरा ओट्याशी येऊन उभी राहिली. बारसं झालं होतं शेजारी, त्यांनी उरलेला भात आणि बुंदी शेळीपुढे टाकली होती, आणि कालपासून शेळी खाली बसून होती.

"रवंथच करीना गेली बघा, मावशी," गोजरा म्हणाली. "लोकं म्हन्तेत, तुमी पोटाला कान लावून सांगत होता. जरा बघता का?"

बायजाबाईने खिळ्यावरच्या मुसक्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मना नको दाखवू. रिक्षात घाल नि दवाखान्यात ने. आता ने. दुपारची वाट बघू नको."

"एकदा ऐका तर. लई बारीक कळतं म्हन्तेत तुमाला. आता कान कमी झाला म्हनून..."

"कोन बोलला कान कमी जाला?"

म्हातारीचा आवाज चढला नव्हता, पण तिचा चेहरा बघून गोजरा ओट्याच्या पायरीवर बसली. बायजाबाईने तिला काजळ्याचं सांगितलं. मुसकं, खळं, मोकळ्या तोंडाने फिरलेला बैल. पाच वर्षांत घरच्या कोणाला सांगितलं नव्हतं ते या परक्या बाईला सांगितलं.

"त्या सांजेला मी कान लावला नं, तवा तीस श्वासांत एकदाच आवाज आला. एकदाच. लांबून. मना तवाच कललं. पन बोलले असते, तं मीच त्याला मारला असं जालं असतं. मी बोलले, चाललंय. दमलाय. मीना दारात उभी व्हती."

गोजराने हळूच विचारलं, "मग ते सगळे म्हन्तेत, ऐकू आलं नसंल..."

"बोलू दे त्यांना," बायजाबाई म्हणाली. "कान चांगला व्हता माजा. त्या दिवशीबी चांगलाच व्हता."